अलक्ष्यांची तिथी



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या आपल्या ग्रंथपाल बाईंना तुमच्यातले अनेक जण ओळखत होते. मीही ओळखत होते. पुस्तक परत करायला गेलं की शिक्का मारायच्या आधी त्या विचारायच्या, "शेवट पटला का?" आवडला का, असं नाही, पटला का. युद्धावरचं पुस्तक देताना तर बजावायच्या, "हे झालं की दोन दिवस दुसरं नेऊ नका. ह्यातली माणसं घरात राहू द्या थोडी." संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला बाईंचं हे बोलणं आठवलं. युद्धात माणसं मरतात आणि कथा मात्र त्यांच्या मागं मरणापलीकडे जाते, ती तिथं काय शोधायला जाते? आणि परत येते तेव्हा तिच्या हातात काय असतं, निराशा की आशा? आज मला याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात एका दगडापासून करते.

सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला दिसतो. तुम्ही पाहिला असेल. त्यावर इंग्रजीत कोरलेलं असतं की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचं नाव असतं, गेलेल्यांचा आकडा असतो, मेलेल्यांचा आकडा असतो. माणसाचं नाव एकही नसतं. बसऱ्याला ब्रिटिशांनी मोठं स्मारक उभारलं, तिथंही हेच झालं. हिंदी अंमलदारांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या.

माझ्या आजीच्या माहेरच्या गावात असा दगड होता. तिचा थोरला भाऊ त्या युद्धावर गेला. तो जिथं लढायला गेला त्या सगळ्या मुलखाला घरात 'बसरा' एवढंच नाव होतं. पुढं मोठी झाल्यावर मी वाचलं की कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी वेढा घातला, सहावी म्हणजे पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तिथं अडकली, आत मराठा पलटणी होत्या, खायला काही उरलं नाही, घोडे कापायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. कैद झालेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. आजीचा भाऊ त्या वेढ्यात होता, की आधीच कुठं पडला, की त्या वाटेवर पडला, हे घरी कुणालाच कळलं नाही.

आता आपल्या पंचांगात बघा. पितृपक्षात शस्त्रानं मेलेल्यांसाठी चतुर्दशी वेगळी काढून ठेवलेली आहे, तिला आपण घातचतुर्दशी म्हणतो. ज्याची मरणतिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री अमावास्या. ज्यांनी हे ठरवलं त्यांना युद्ध ठाऊक होतं आणि परत न आलेली माणसंही ठाऊक होती. आजीपुढं प्रश्न होता तो वेगळाच. दादा गोळीनं गेला म्हणायचं, की भुकेनं? शस्त्राचा म्हणायचा, की बेपत्ता? सासरी माहेरच्या माणसाचं पान वाढायची रीत नव्हती. मग ती दोन्ही दिवशी आपल्या ताटातला पहिला घास काढून परसात नेऊन ठेवायची. असं तिनं साठ वर्षं तरी केलं असेल.

महाभारतातल्या स्त्रीपर्वाकडे मी वळले ती या घासामुळे. अठरा दिवस संपले आहेत. बायका रणांगणावर आल्या आहेत. कुणाला धड सापडतं, शीर सापडत नाही. गांधारीला दिव्य दृष्टी मिळाली आहे आणि ती दृष्टी तिला एवढंच दाखवते आहे. आणि मग धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो, तो कोटींच्या घरातला आहे. पण त्याच्या मागोमाग तो आणखी एक आकडा सांगतो, आणि त्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते. २४,१६५. हे वीर 'अलक्ष्य' आहेत, दिसत नाहीत, सापडत नाहीत. मेले म्हणावं तर देह नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. कोटींच्या काव्यमय आकड्याशेजारी सुटे पासष्टसुद्धा न सोडणारी ही मोजणी! बेपत्ता माणसाच्या घरी गोल आकडा चालत नाही, हे व्यासांना कळत होतं.

यानंतर धृतराष्ट्राचा दुसरा प्रश्न येतो. कुठं गेले ते? युधिष्ठिर उत्तर देतो, जे आनंदानं लढत पडले ते इंद्रलोकी, जे मन मारून लढले ते गंधर्वांकडे, जे पाठ फिरवून जीव मागत असताना मारले गेले ते गुह्यकांकडे. अशी यादी. मी विद्यार्थ्यांना हा भाग शिकवला, आणि खरं सांगते, या यादीनं माझं कधी समाधान झालं नाही. मला वाटतं धृतराष्ट्राचंही झालं नसावं. कारण पुढं तो आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो एका बापाचा प्रश्न आहे. ज्यांचं इथं कुणीच नाही त्यांच्या देहांचं काय करायचं? तेव्हा युधिष्ठिर विदुराला, संजयाला, धौम्याला, युयुत्सूला कामाला लावतो. एकही देह अनाथासारखा पडता कामा नये, म्हणतो. लाकडं येतात, तूप येतं, चिता पेटतात. इंद्रलोकाच्या यादीपेक्षा ही लाकडं मला जास्त धीर देतात.

पण त्या चोवीस हजारांचं काय? त्यांना चिता देता येत नाही. अशा माणसासाठी मागं उरलेली आशा फार वाईट असते, श्रोतेहो. मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. त्यांचा देह सापडल्याच्या, संस्कार झाल्याच्या बातम्या आल्या, तरी शंका उरलीच. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हं घेतली नाहीत, असं सांगतात. मग भाऊ म्हणवून घेणारा एक जण उभा राहिला. माणसं त्याच्या मागं गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी! न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये यावर 'तोतयाचे बंड' नाटक लिहिलं. मला त्या प्रकरणातल्या राजकारणापेक्षा पंधरा वर्षं दाराकडे लागलेले डोळे दिसतात. लोक फसले म्हणजे मूर्ख होते का? नाही हो. त्यांच्या घरोघरी कुणी ना कुणी अलक्ष्य होता. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येऊ शकेल.

हीच भूक इंग्लंडमध्ये १९१४ साली दिसली. आर्थर मॅकन नावाच्या लेखकानं २९ सप्टेंबरला एका सायंदैनिकात छोटी गोष्ट छापली. मॉन्सच्या माघारीत इंग्रज शिपाई कोंडीत सापडतात, आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या आजिंकूरच्या लढाईतले तिरंदाज प्रकट होऊन जर्मनांवर बाण सोडतात. गोष्टच ती. पण बघता बघता लोक ती घडलेली हकिकत म्हणून सांगू लागले, तिरंदाजांचे देवदूत झाले, प्रवचनांत त्यांचा उल्लेख होऊ लागला. मॅकन सांगत राहिला की हे मी रचलं आहे. त्याचं कुणी ऐकेना. या कथेतली आशा मला भीतिदायक वाटते. का? तर इथं मेलेल्या माणसाला मेल्यावरही सुटका नाही. त्याला पुन्हा धनुष्य देऊन रांगेत उभं केलं आहे. तो कुणाचा बाप नाही, कुणाचा भाऊ नाही. तो अजून शिपाईच आहे, आकड्यातलाच. ज्या कथेत मेलेले फक्त लढायला परत येतात, ती कथा मेलेल्यांची नसते. ती पुढच्या भरतीची असते.

मग मेलेल्यांची कथा कोणती? आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येते, आणि इथं थोडी रेंगाळणार आहे.

स्त्रीपर्वाच्या शेवटी सगळे गंगेवर तर्पणाला जातात. तर्पण म्हणजे नुसतं पाणी सोडणं नव्हे, हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. त्याला गोत्र लागतं, नाव लागतं आणि नातं लागतं. हे पाणी कुणासाठी? माझ्या वडिलांसाठी, माझ्या भावासाठी. नातं उच्चारल्याशिवाय ओंजळ सोडता येत नाही. आणि बरोबर याच क्षणी, पाण्यात उभं असताना, कुंती बोलते. कर्णासाठीही पाणी सोडा, तो तुमचा थोरला भाऊ होता, माझा मुलगा होता.

कुंती याआधी का बोलली नाही, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात तिला मूर्च्छा आली, पण ती बोलली नाही. युद्धाच्या आधी ती कर्णाकडे गेली, एकांतात बोलली, मुलांशी बोलली नाही. मग आता का? कर्ण गेला, युद्ध संपलं, आता सांगून कुणाचा काय फायदा? मला वाटतं, कारण या ओंजळीत आहे. तिच्या मुलाला कुणीतरी 'सूतपुत्र' म्हणून पाणी सोडलं असतं, कुणी 'दुर्योधनाचा मित्र' म्हणून. ज्याला जन्मल्याबरोबर आपल्या हातांनी पाण्यात सोडला, त्याच्या नावानं निदान पाणी तरी खऱ्या नात्यानं सुटावं, एवढंच तिला हवं होतं. त्याची किंमत तिनं मोजली. युधिष्ठिर कोसळतो आणि स्त्रीजातीलाच शाप देऊन बसतो की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. गुपित राहिलं नसतं तर कुरुक्षेत्र टळलं असतं का? असतंही कदाचित. पण ती बोलली, उशिरा का होईना, मेलेल्याच्या वतीनं बोलली.

आता हजारो वर्षं आणि हजारो मैल ओलांडून माझ्याबरोबर या. रुडयार्ड किपलिंग हा आपल्या मुंबईत १८६५ मध्ये जन्मलेला लेखक. त्याचं साम्राज्यप्रेम मला सोसत नाही, कधी सोसलं नाही. १९१४ मध्ये तो युद्धाच्या बाजूनं हिरिरीनं बोलला. त्याच्या मुलाची, जॉनची, नजर अधू होती. सैन्य त्याला घेईना. बापानं ओळख वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारी करून घेतलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत जॉन गेला, अठराव्या वर्षी. देह सापडला नाही. अलक्ष्य. किपलिंग १९३६ मध्ये वारला तोवर त्याला मुलाचं थडगं पाहता आलं नाही. मधल्या काळात तो युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगावर काम करत राहिला आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या दगडांवर कोणते शब्द कोरायचे हे ठरवत राहिला.

याच माणसानं 'द गार्डनर' ही कथा लिहिली. हेलन टरेल ही अविवाहित बाई आपल्या मेलेल्या भावाचा अनौरस मुलगा सांभाळते, अशी सगळ्या गावाची समजूत आहे. तीच तसं सांगते. मायकेल लहान असताना हट्ट करतो, मला तुला आई म्हणू दे. ती म्हणते, फक्त झोपताना, आपल्या दोघांत. मायकेल युद्धावर जातो, तोफगोळ्यानं मरतो, आणि पुढच्याच गोळ्यानं एक भिंत त्याच्या देहावर अशी उलथते की काही दिसेनासं होतं. बेपत्ता. पुढं देह सापडतो, त्याला ओळीतली जागा आणि क्रमांक मिळतो. हेलन थडगं पाहायला जाते. समोर हजारो क्रूस. तिला वाट सापडत नाही. एक माणूस गुडघ्यावर बसून रोपाच्या बुंध्याशी माती दाबतो आहे. तो विचारतो, कुणाला शोधता? ती आयुष्यभराच्या सवयीनं उत्तर देते, माझ्या भाच्याला. तो डोळे वर करतो, फार करुणेनं तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, चला, तुमचा मुलगा कुठं आहे ते दाखवतो.

बस. कथा जवळजवळ इथंच संपते. तो माळी कोण, हे बायबल वाचलेल्या माणसाला कळतं, कारण येशूच्या थडग्यापाशी मेरी मॅग्डालीनही त्याला माळीच समजली होती. किपलिंग ते उघड करून सांगत नाही. हेलनला स्वर्ग दिसत नाही, मुलगा उठून बसत नाही, एकही अश्रू पुसला जात नाही. फक्त एक शब्द बदलतो. भाच्याचा मुलगा होतो.

कुंती स्वतः बोलली, हेलनला दुसऱ्यानं बोलून दिलं. एकीनं भर गर्दीत सांगितलं, दुसरीला एका अनोळखी माणसानं हळूच सांगितलं. दोघींचे मुलगे परत आले नाहीत. पण माझं म्हणणं असं की युद्ध आणि परलोक यांच्या कथेत खरी आशा कुठं असेल तर ती या एका शब्दात आहे. युद्ध माणसाचं नातं पुसून त्याचा आकडा करतं. कथा मरणापलीकडे जाते ती त्याला त्याचं नातं परत द्यायला. स्वर्ग असेल नसेल, तो विषय वेगळा.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं भागतं का? मेलेलं माणूस एकदा डोळ्यांनी दिसावं असं वाटत नाही का? वाटतं. व्यासांनाही ते ठाऊक होतं, म्हणून आश्रमवासिकपर्वात ती रात्र आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं अनेक दशकं हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली, तिच्यातही हे पुत्रदर्शन आहे. युद्धाला सोळा वर्षं होत आली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहतात. पांडव भेटायला आले आहेत. गांधारी व्यासांना सांगते, हा राजा सोळा वर्षं झोपला नाही. कुंती पुन्हा कर्णाबद्दल बोलते, या वेळी दुर्वासांपासून सगळं, आणि म्हणते, तो मला पाहायचा आहे. व्यास म्हणतात, तुझा दोष नाही. सोळा वर्षांत तिला हे कुणी म्हटलं होतं का?

संध्याकाळी सगळे भागीरथीच्या काठी बसतात. रात्र पडते आणि पाण्यातून सैन्यांचा कोलाहल ऐकू येतो. भीष्म, द्रोण, दुर्योधन, अभिमन्यू, घटोत्कच, द्रौपदीची पाच मुलं, कर्ण. सगळे वर येतात. वैर नाही, राग नाही. धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते आणि जन्मात प्रथम तो आपल्या मुलांची तोंडं पाहतो. पांडव कर्णाला भेटतात, भाऊ म्हणून. रात्रभर कुणी युद्धाबद्दल बोललं असेल असं मला वाटत नाही. आपण पुष्कळ दिवसांनी माहेरी गेलो की काय बोलतो? बारीक झालास, केस पिकले, तेच. पहाट होते आणि सगळे पाण्यात परत जातात.

इथं थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला पुढचं सांगायलाच हवं. व्यास विधवांना सांगतात, ज्यांना पतीच्या लोकी जायचं आहे त्यांनी गंगेत उतरावं. त्या उतरतात. ग्रंथ याला सद्गती म्हणतो. मला ते म्हणता येत नाही. मी बाई आहे म्हणून नव्हे, तर सोळा वर्षं जगून दाखवलेल्या त्या बायकांची एका रात्रीच्या भेटीनं वाट लागली म्हणून. परलोकाची भूल पडली की इहलोक किती सहज हातातून सुटतो, हे त्याच पर्वात त्याच पानावर आहे. आशा देणाऱ्या कथेची ही दुसरी बाजू आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. व्यासांनीही झाकलेली नाही.

यासाठीच मला ग्रीकांचा होमर हवासा वाटतो. तो मेलेल्यांना इतकं सुंदर दाखवत नाही. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या देशाच्या काठावर जातो. तिथल्या सावल्यांना बोलता यावं म्हणून त्याला खड्डा खणून बळीचं रक्त ओतावं लागतं. तिथं अचानक त्याला आई दिसते. ती मेली हेच त्याला ठाऊक नव्हतं, तो घरापासून दूर असताना त्याच्या ओढीनं झुरून गेली. तो तीनदा तिला मिठीत घ्यायला जातो आणि तिन्ही वेळा हात रिकामे राहतात. मग अकिलीज येतो, ट्रॉयच्या युद्धातला सगळ्यांत मोठा वीर. मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या शेतावर मजुरी केलेली परवडली, असं तो सांगतो. वीरगतीवर याहून कठोर बोलणं मी वाचलेलं नाही. आणि हे सगळं बोलून झाल्यावर तो काय विचारतो? माझ्या मुलाचं काही कळलं का? मुलगा धड आहे हे ऐकल्यावर तो लांब ढांगा टाकत, खुशीत, त्या उदास माळावरून निघून जातो. होमरनं परलोकातला एक दिवाही पेटवला नाही. पण बापाची ती चाल दाखवली.

याच्याही पलीकडची काळोखी विसाव्या शतकात आली. व्हिएतनामचा लेखक बाओ निन्ह उत्तर व्हिएतनामच्या फौजेत लढला होता. 'द सॉरो ऑफ वॉर' या नावानं त्याची कादंबरी जगात पोचली. तिचा नायक किएन युद्ध संपल्यावर घरी जाऊन बसत नाही. तो बेपत्ता शिपायांच्या अस्थी गोळा करणाऱ्या पथकात आहे. पावसाळा, जंगल, चिखल, आणि ट्रकमध्ये मेलेल्यांच्या ओळी. त्या ओळींवर झोळी बांधून तो झोपतो. जंगलाच्या त्या भागाला शिपायांनी किंचाळणाऱ्या आत्म्यांचं नाव दिलेलं आहे, कारण घरापासून दूर, संस्कारावाचून मेलेला माणूस भटकत राहतो, हा तिथला समज. आपला नाही का? किएनची बाजू युद्ध जिंकलेली आहे, हे लक्षात घ्या. विजयाचं एक अक्षर त्याच्या कामी येत नाही. तो रात्री-बेरात्री लिहीत बसतो, लिहिलेलं फेकतो, आणि एक दिवस नाहीसा होतो. ते कागद सांभाळते एक मुकी बाई, आणि पुढं दुसराच कुणीतरी ते जुळवतो.

ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं असतं, शेवट पटला का? मी म्हटलं असतं, हो. कारण ज्याची झोळी मेलेल्यांच्या वर बांधलेली आहे त्याला मी आशा कशी मागू? त्यानं हाडं उचलली, ओळीनं ठेवली, ओळख पटते का पाहिलं. युधिष्ठिरानं लाकडं आणवली तसंच हे काम.

आणि आता युधिष्ठिराचंच शेवटचं दृश्य. स्वर्गारोहणपर्व. तो स्वर्गात पोचतो आणि समोर काय दिसतं? दुर्योधन तेजानं झळकत आसनावर बसलेला. त्याला राग येतो, पण तो भांडत बसत नाही. विचारतो, माझी माणसं कुठं आहेत? आणि त्यातही कर्णाबद्दल बोलतो. त्याचे पाय कुंतीसारखे होते, आणि मला ते दिसूनही कळलं नाही, ही सल तो स्वर्गातही घेऊन गेलेला आहे. देवदूत त्याला एका वाटेनं खाली नेतो. काळोख, दुर्गंधी, केस आणि मांस यांचा चिखल. त्याला सोसवत नाही आणि तो परत फिरतो. तेवढ्यात चहूबाजूंनी आवाज येतात, थोडा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. आवाज ओळखीचे वाटतात, पण दिसत काहीच नाही. अलक्ष्य. तो विचारतो, तुम्ही कोण?

आणि ते एकेक करून आपली नावं सांगतात. पहिला बोलतो तो कर्ण. मग भीम, मग अर्जुन. जन्मभर ज्याला भावांच्या रांगेत उभं राहून नाव सांगता आलं नाही तो त्या काळोखात भीमाअर्जुनांच्या आधी आपलं नाव सांगतो, थोरल्यानं सांगावं तसं. युधिष्ठिर देवदूताला म्हणतो, तू जा. मी इथंच राहतो.

पुढच्या अध्यायात इंद्र येतो, काळोख विरतो, ती सगळी माया होती असं समजतं, आणि सगळे स्वर्गात जातात. मी विद्यार्थ्यांना तोही अध्याय शिकवला. पण घरी वाचताना मी पुस्तक तिथं मिटते जिथं युधिष्ठिर त्या घाणीत पाय रोवून उभा आहे. त्याला तेव्हा ठाऊक नाही की हे संपणार आहे. सुटकेचं वचन कुणी दिलेलं नाही. समोर आपली माणसं आहेत, त्यांना आपल्या असण्यानं थोडं बरं वाटतं आहे, एवढंच. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये आपल्याला महाभारतातली माणसं देवत्वाची पुटं काढून पाहायला शिकवलं. तसं पाहिलं तर हा क्षण निराशेचा की आशेचा? मी पुष्कळ वर्षं हे ठरवायचा प्रयत्न केला. आता करत नाही.

आजीच्या घासाचं सांगायचं राहिलं. घातचतुर्दशीला ती घास परसात ठेवायची तेव्हा मी बरोबर असायची, सात-आठ वर्षांची. कावळा लवकर यायचा नाही. आमच्या घरच्या पितरांच्या पानाला तो येऊन गेलेला असायचा, पण आजीच्या घासाकडे फिरकायचा नाही. मी एकदा विचारलं, तुझ्या भावाचं नाव काय होतं? तिनं सांगितलं नाही. थोरल्याचं नाव घ्यायचं नाही, या वळणात ती वाढलेली. त्यामुळे ते नाव मला कधीच कळलं नाही, आता सांगणारं कुणी उरलं नाही. आजी पेरूच्या झाडाकडे बघत पदर सावरून उभी राहायची आणि हलक्या आवाजात, आतल्या माणसांना ऐकू जाणार नाही अशी, हाक मारायची, "दादा, ये. मी आहे इथं."